गाडीचा ढेकर

चौतीस वर्षं इस्पितळात काढल्यामुळे सगळं जग त्यांना सिस्टर म्हणायचं. शेजारी म्हणायचे, दूधवाला म्हणायचा आणि त्यांचा धाकटा सख्खा भाऊही सिस्टरच म्हणायचा. त्याच्या तोंडी तो शब्द दोन्ही अर्थांनी बरोबर होता, त्यामुळे कुणालाच त्याला काही बोलता येत नसे.

निवृत्तीनंतर सिस्टर विणकाम करतील असं घरच्यांनी गृहीत धरलं होतं. त्यांनी केलंही. एक मोजा पुरा झाला, दुसऱ्याच्या टाचेपाशी त्यांना कंटाळा आला आणि त्यांनी मोटारसायकल घेतली. जुनी होती, पण चांगली भारदस्त, पुढे रेडिएटर असलेली. यजमानांनी कपाळाला हात लावला तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितलं, की चौतीस वर्षं मी बसमध्ये उभी राहिले, आता बसणार आहे.

गाडी पळताना गुणी होती, थांबली की तापायची. चौकात लाल दिवा लागला की तापमानाचा काटा चढू लागे आणि त्याच्यासोबत सिस्टरांचा पाराही. आठवडाभर त्यांनी काट्याची नोंद ठेवली, सकाळची वेगळी, संध्याकाळची वेगळी. तो तक्ता गॅरेजवाल्यापुढे धरला, तर तो म्हणाला की चार दिवस ठेवून जा. सिस्टर गाडी घेऊन परत आल्या. पेशंटला दाखल करायचं की घरीच बघायचं, एवढं आपल्याला कळतं, असं त्यांचं म्हणणं पडलं.

रविवारी सकाळी इमारतीच्या पार्किंगमध्ये त्यांनी जुनी चादर अंथरली, नट-बोल्टचे पाने मांडले, हातमोजे चढवले. इंजिन गार आहे ना हे पालथ्या हाताने पाहिलं आणि मगच रेडिएटरचं झाकण उघडलं. गाडीसोबत आलेली पुस्तिका वाचून दाखवायचं काम यजमानांकडे होतं आणि तिथेच घोळ झाला. यजमानांनी उभा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात घालवला होता. पहिल्याच पानावर त्यांनी खिशातून लाल पेन काढलं.

"अहो, पुढे वाचा," सिस्टर म्हणाल्या.

"वाचतो. पण 'पाणि'ला दुसरी वेलांटी हवी."

वेलांट्या सुधारून होईपर्यंत सिस्टरांनी खालचा बोल्ट सोडलाही होता. टबात जे आलं ते पाहून त्यांनी नाक मुरडलं. आधीच्या मालकाने इंजिन गार ठेवणाऱ्या कूलंटऐवजी नळाचं पाणी भरलं असावं, कारण आतून आलं ते गंजाचं तांबडं पाणी, वर खवले तरंगणारं. त्यांनी ते डब्यात ओतून झाकण घट्ट लावलं आणि सवयीने वर चिठ्ठी चिकटवली: 'पोटात घेण्यासाठी नाही.' यजमानांनी चिठ्ठी वाचली. तिच्यात चूक सापडली नाही, त्यामुळे ते थोडे खट्टू झाले.

मग शुद्ध पाणी भरायचं, इंजिन थोडा वेळ चालवायचं, गार होऊ द्यायचं, काढून टाकायचं. असं तीनदा केलं तेव्हा कुठे पाणी नितळ आलं. दुपार झाली होती. सिस्टरांनी बोल्ट बसवला, हिरवंगार कूलंट काठोकाठ भरलं आणि झाकण न लावता गाडी सुरू केली. आत अडकलेली हवा बाहेर काढायची होती. एखादा बुडबुडा वर आला, पातळी किंचित खाली गेली आणि पुढे काही होईना.

यजमानांनी पुस्तिका डोळ्यांजवळ नेली. "'हवा निघण्यासाठी गाडी हळूहळू झुलवावी.' हे 'झुकवावी' असणार. 'क'चा 'ल' झालाय."

"झुलवावीच बरोबर आहे," सिस्टर म्हणाल्या. सलाइनच्या नळीतली हवा त्यांनी हजारदा काढली होती आणि तान्ह्या बाळांच्या पोटातली त्याहून जास्त वेळा. हवा हट्टी असते, तिला गोंजारून काढावी लागते, हे त्यांना पुस्तिकेने शिकवायची गरज नव्हती.

त्यांनी भावाला बोलावून घेतलं. तो नुकताच जेवून आडवा झाला होता, कुरकुरत आला. त्याने हँडल धरलं, यजमानांनी मागची बाजू, आणि सिस्टर पुढे बसून रबरी नळी दाबत, सोडत, मधूनच थोपटत राहिल्या. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे. तिघं जण घरघरणारी गाडी झुलवत होते. तळमजल्यावरच्या काकू कचरा टाकायला आल्या, थबकल्या आणि अगदी हलक्या आवाजात विचारत्या झाल्या, "झोपली का?"

"पोटात गॅस आहे," सिस्टर मान वर न करता म्हणाल्या. काकूंनी समजल्यासारखी मान हलवली आणि पाय न वाजवता निघून गेल्या.

झुलता झुलता भावाला पेंग आली. त्याच्या हातातली ॲक्सिलरेटरची मूठ वळली, इंजिन गुरगुरलं आणि रेडिएटरमधली पातळी झपकन खाली गेली. सिस्टर ओरडल्या, तसा तो दचकला आणि त्याने मूठ सोडली. त्यासरशी गाडीने पोटाच्या तळातून असा दणदणीत ढेकर दिला, की पार्किंगमधलं मांजर पळालं. हिरवं कारंजं उडालं. थोडं चादरीवर पडलं, बाकी सगळं ओरडा ऐकून पुढे वाकलेल्या यजमानांच्या पांढऱ्या सदऱ्यावर. नशीब, ते अजून नुसतं कोमट होतं.

सिस्टरांनी मात्र आत डोकावून पाहिलं. बुडबुडे थांबले होते. त्यांनी पातळी भरली, झाकण आवळलं, फरशीवरचं विषारी कूलंट मांजर परतून चाटायच्या आत धुऊन काढलं आणि मग यजमानांकडे बघून म्हणाल्या, "चला, बसा मागे."

इतके दिवस यजमान त्या गाडीवर बसले नव्हते. त्या दिवशी बसले, हिरव्या सदऱ्यासकट. पहिल्या चौकात लाल दिवा लागला. दोघांनी काट्याकडे टक लावली. काटा थोडा चढला, रेडिएटरचा पंखा फिरू लागला, काटा निमूट खाली आला. दुसऱ्या चौकात तेच, तिसऱ्यात तेच. सिस्टर इतक्या खुशीत आल्या की हिरवा दिवा लागला तर हिरमुसायच्या. मग लाल दिवे संपले, गाव मागे पडलं, मोकळा रस्ता लागला. यजमानांनी सिस्टरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि अजून थोडं पुढे जाऊ या म्हणाले.

पुलाच्या मधोमध गाडी आचके देऊन बंद पडली.

सिस्टरांनी उतरून रेडिएटर पाहिला, नळ्या पाहिल्या, बोल्ट चाचपला. सगळं कोरडं, सगळं ठीक. यजमानांनी टाकीचं झाकण उघडलं आणि बराच वेळ आत बघत राहिले. दिवसभर उभ्या उभ्या इंजिन चालवलं होतं, पण पेट्रोलकडे कुणीच पाहिलं नव्हतं.

फोन करून भावाला पुन्हा झोपेतून उठवलं आणि पेट्रोल आणायला सांगितलं. तो येईपर्यंत दोघं पुलाच्या कठड्याला टेकून उभे होते. येणारे-जाणारे हिरव्या सदऱ्याकडे वळून वळून बघत होते. एक जण थांबला आणि गाडी तापली का, म्हणून त्याने आपुलकीने विचारलं.

"छे," सिस्टर ताठ मानेने म्हणाल्या, "तापमान एकदम नॉर्मल आहे."