नावावरची तिरकी रेघ

सायबर कॅफेच्या काउंटरवर बसलं की किस्से आपोआप साठतात. ते ऐकवायला घरी कुणी असावं, एवढंच. दोन हजार सहा-सात साली माझे मिस्टर दुबईला होते आणि मी नारपोलीत सहा कॉम्प्युटर घेऊन बसले होते. मग मी ते किस्से मनातल्या मनात स्वतःलाच सांगायची.

आमच्या गल्लीतले, कापडाचे लूम दुरुस्त करणारे अस्लमभाई एका जुन्या जर्मन मशीनचं मॅन्युअल शोधत होते. कंपनीच्या नावात u वर दोन ठिपके. साधा u टाकला तर भलतंच येई. अस्लमभाई म्हणाले, "मॅडम, दो नुक्ते हैं, एक भी कम नहीं चलेगा।" मी ठिपके वगळले, u च्या पुढे e जोडला आणि मॅन्युअल सापडलं.

ते स्क्रीनकडे बघत म्हणाले, "समझा। नुक्ता छुट्टी पे है, बदली में e आया है।"

निवृत्त शिक्षिका नंदिनीबाई दर मंगळवारी यायच्या आणि स्वतःचंच नाव शोधायच्या. कधी काही सापडायचं नाही. एकदा मी 'नंदीनी' असं दीर्घ टाकून पाहिलं. एका जुन्या विद्यार्थ्याने बाईंवर पानभर लिहिलं होतं!

"याला अजून माझं नाव लिहिता येत नाही," बाई म्हणाल्या आणि चष्मा पुसत बसल्या. मग म्हणाल्या, "दोन प्रिंट काढ."

"दुसरी कुणाला?"

"कुणाला नाही. एक हरवली तर."

आणि कोन गावचे पाटीलकाका. मुलीने, वैशालीने, फ्रेंच माणसाशी लग्न केलं म्हणून आठ वर्षं बोलले नव्हते. बायको वारल्यावर तिच्या कपाटात त्यांना एक पाकीट मिळालं. आत पत्र नव्हतं, पत्ता ओलीने पुसलेला. वैशालीचं नाव आणि नवं आडनाव तेवढं वाचता येत होतं, आडनावातल्या e वर एक तिरकी रेघ.

मी टाइप केलं. काहीच आलं नाही.

"पोरी, वरची तिरकी रेघ न्हाय काढलीस तू."

"कीबोर्डवर नाही ती, काका."

पण तेव्हा काही सर्च इंजिनांना साधा e आणि रेघेचा e ही दोन वेगळी अक्षरं वाटायची. मी कॅरॅक्टर मॅपमधून, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या चिन्हांच्या तक्त्यातून, रेघेचा e उचलून आणला. एकच पान आलं. कुठल्यातरी गावातली लायब्ररी, फोटोत पुस्तकांपुढे वैशाली, खाली तिचा ईमेल.

काकांनी खुर्ची स्क्रीनजवळ ओढली.

"मेल पाठवू का? काय लिहू?"

"लिव, आई गेली." मग म्हणाले, "जावई बरे हायत ना, ते बी इचार."

तीन दिवस काका दुपारी येऊन बाकावर बसून जायचे. चौथ्या दिवशी उत्तर आलं. इंग्रजी अक्षरांत मराठी, एकच ओळ. मी वाचून दाखवली : "बाबा, तुमचं जेवण कोण करतं?"

काकांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"लिव," ते म्हणाले, "मीच करतो. भाकरी न्हाय जमत."