खंडेनवमीला पुजलेला डबा

नेवाशात आमचा फोटो स्टुडिओ आहे. नवरा लग्नं शूट करतो, मी एडिटिंग करते. एका लग्नाचं शूटिंगच एवढं असतं की लग्नसराईत कॉम्प्युटर मान टाकतो. सगळं एका जागी ठेवायची तयार यंत्रं मिळतात, पण ती आमच्या आवाक्यातली नव्हेत, म्हणून मी घरीच एक बनवलं. आमच्याच जिल्ह्यातल्या नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्याने जुने कॉम्प्युटर भंगारात काढले होते, त्यातला एक आणला आणि त्यात दोन हार्डडिस्क बसवल्या. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेलं, कुणीही फुकट वापरावं असं सॉफ्टवेअर नेटवरून उतरवून घेतलं. जे ठेवू ते दोन्ही डिस्कवर एकदमच लिहिलं जायचं, म्हणजे एक गेली तरी दुसरी शाबूत. आम्ही त्याला डबा म्हणायचो. डबा मध्येच बंद करायचा नाही, असं मी नवऱ्याला उठताबसता बजावलं होतं.

नवरात्रात पाथर्डीकडची एक बाई आली. ऊसतोडीला जाणारी. वैशाखात तिच्या मुलीचं लग्न आम्हीच शूट केलं होतं. भाद्रपदात ती पोर तापाने गेली. लग्नाचा पेनड्राइव्ह सासरी होता आणि सासरच्यांनी दार लावून घेतलं होतं. बाईकडे मुलीचा शाळेतला एक फोटो, तोही पावसात भिजलेला. टोळी कारखान्यावर निघायच्या आत तिला ते लग्न फोनमध्ये हवं होतं, पण तिच्या हातातला फोन बटणांचा. भाच्याचा फोन घेऊन दसऱ्यानंतर या, मावशी, असं मी सांगितलं. ती जाताना दोनदा वळून बघून गेली.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या हत्यारांची पूजा होते. कॅमेरे, ट्रायपॉड, लाइट, सगळ्यांना हळदकुंकू. त्या दिवशी हत्याराला काम सांगायचं नाही आणि वाहिलेलं फूल आपल्या हाताने काढायचं नाही. डबा मात्र चालूच होता, कारण बंद करू नको हे माझंच फर्मान. नवऱ्याने त्याच्यावर चोळीचा खण पांघरला आणि झेंडूचा हा एवढा जाड हार नेमका पंख्याच्या जाळीवर सोडला. मी तोवर श्रीरामपूरला माहेरी पोचले होते. तो शटर ओढून माझ्यामागे आला. आम्ही तिकडे आपट्याची पानं वाटत होतो आणि इकडे ऑक्टोबरच्या उन्हात, पत्र्याखाली, तो डबा श्वास कोंडून तापत होता.

परत आलो तेव्हा झेंडू काळा पडला होता. एक डिस्क मेलेली, दुसरी कटकट वाजत होती. भक्तीने केलेल्या गोष्टीवर भांडतासुद्धा येत नाही. तरी मी भांडले. नवरा नुसता हार हातात धरून उभा राहिला, आणि मला त्याचाही राग आला. तिसरी प्रत दुसऱ्या घरी ठेवा, असं ते सॉफ्टवेअरवाले कानीकपाळी ओरडतात. आमच्या दोन डिस्क एकाच खणाखाली होत्या. विश्वास पानिपतात गेला म्हणतात तो असा.

स्क्रीनवर सगळ्या लग्नांची नावं दिसत होती, उघडत एकही नव्हतं. त्या पोरीचं नावही होतं. पुण्याच्या दुरुस्तीवाल्याने फोनवरच सांगितलं, खात्री नाही, वेळ लागेल. वेळच तर नव्हता. मग खराब जागा सोडून उरलेलं उचलणारं एक फुकटचं सॉफ्टवेअर लावलं आणि समोर बसून राहिले. डिस्क थोडं वाचायची, अडायची, पुन्हा कटकट करायची. मी देवाला नवस बोलले, डिस्कला शिव्या दिल्या, मग डिस्कची माफी मागितली. पोळ्या करपल्या. बाकीची लग्नं बुडाली तर लोक फार तर शिव्या देतील. या एकासाठी माझा जीव टांगणीला लागला होता. शेवटी डिस्कने आवाजच बंद केला. त्या लग्नातला हळदीचा एक छोटा तुकडा तेवढा हाती लागला.

बाई आली ती भाच्याचा फोन पदरात गुंडाळून. मी तिला जे झालं ते सगळं सांगितलं. किती समजलं कोण जाणे, ती फक्त म्हणाली, "जेवढं हाय तेवढं दावा."

मी लावलं. मांडवात गर्दी, हलगीचा आवाज, आणि मधोमध पाटावर मुलगी नव्हे, ही बाई स्वतः. उजवीकडून हिरव्या बांगड्यांचा एक हात येतो, हिच्या गालाला हळद फासतो, दुसऱ्या गालालाही फासतो. कुणीतरी खळखळून हसतं. ही तोंड चुकवते. तिथे संपतं.

"तिचाच हात ह्यो," बाई म्हणाली. "लई द्वाड हुती."

पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा पाहिलं. मग ती खुर्ची सोडून उठली, स्क्रीनच्या उजव्या कडेशी गेली आणि भिंतीआड कुणी उभं असावं तशी वाकून पलीकडे बघू लागली.

"ताई," ती म्हणाली, "जरा हिकडं सरकवा की. तिचं तोंड दिसंल."

मी माउसवर हात ठेवून बसून राहिले.