न पडलेला खाडा

आमच्या घरात एक दिवस व्यायाम चुकला की खाडा पडला म्हणतात. खाडा पाडणाऱ्याशी वडील दोन-दोन दिवस बोलायचे नाहीत. लग्न असो, मयत असो, अंगात ताप असो, सकाळचे जोर आणि संध्याकाळच्या बैठका झाल्याच पाहिजेत. वडील गेले त्या दिवशीही, अंगणात माणसं तिरडी बांधत असताना, आम्ही दोघा भावांनी मागच्या गोठ्यात जाऊन पन्नास-पन्नास जोर मारले. पुढं भावकीत त्याचं कौतुक झालं. मलाही तेव्हा त्यात वावगं वाटलं नाही.

धाकटा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. त्याला तालमीत मीच नेलं आणि चार डाव मीच शिकवले. कुस्तीत त्याचं नाव झालं नाही, पण सात वर्षं त्याचा एकही खाडा पडला नव्हता. ही गोष्ट मी पाव्हण्यारावळ्यांत त्याच्यापेक्षा जास्त सांगायचो.

त्याची सासुरवाडी शिरोळकडची. एका पावसाळ्यात तिथल्या गल्लीतला एक माणूस पुरात वाहून गेला आणि तिसऱ्या दिवशी नृसिंहवाडीच्या बाजूला सापडला. ते तीन दिवस भाऊ काठावर उभा होता. त्याला पट्टीचं पोहता येत होतं, पण गढूळ पाण्याच्या तळाशी जाता येत नव्हतं, आणि ते त्याच्या मनाला लागलं. पाठीवर हवेची टाकी बांधून खोल जायला शिकायचं आणि पुराच्या वेळी धावणाऱ्या कोल्हापूरच्या बचाव पथकात शिरायचं, हे त्यानं तेव्हाच ठरवलं. शिकून आलास तर घेतो, असं पथकवाल्यांनीही सांगितलं होतं. पस्तिशी आली, आता हे कशाला, असं मी म्हणालो. त्यानं ऐकून घेतलं आणि तो कोकणात उतरला.

शिक्षणाच्या शेवटच्या दिवशी त्याला आणायला मी गाडी घेऊन गेलो. त्या सकाळी त्यानं दोनदा खोल बुडी मारली होती. किनाऱ्यावर आला तेव्हा इतका खूश होता की मला मिठी मारताना माझे कपडे ओले होतील हेही त्याच्या लक्षात आलं नाही. त्याला शिकवणारे सर किडकिडीत, हळू आवाजाचे होते. त्यांनी सगळ्यांना बसवून सांगितलं की आज कुणी व्यायाम करायचा नाही, जड उचलायचं नाही, आणि घाट चढून जाणाऱ्यांनी उद्या दुपारनंतरच निघायचं. खोल पाण्यात श्वासातला वायू रक्तात मुरतो, तो सावकाश बाहेर पडायला वेळ द्यावा लागतो. शरीराला दमवलं किंवा लगेच उंचावर गेलं तर त्याचे बुडबुडे होऊन कुठंही अडकू शकतात. काही दुखलं-खुपलं तर लगेच कळवा, हेही ते म्हणाले. मी तिथंच होतो. मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय देवानं ठेवलेली नाही.

घाटाचं मी मानलं. मुक्काम वाढवला, खोलीचं बघितलं. व्यायामाचं मात्र मानलं नाही. संध्याकाळी वाळूवर मी बैठका मारायला उभा राहिलो आणि हा नुसता बसून. विचारलं तर म्हणाला, सरांनी नको म्हटलंय.

मी म्हणालो, "त्ये शहरातल्या पोरास्नी सांगत्यात. सात वर्सांचा खाडा न्हाय तुझा, आन् आज पाण्यात डुबकी मारली म्हणून पाडणार हैस?"

 तो उठला, शर्ट काढून घडी घातली आणि उभा राहिला. तीनशे बैठका मारल्या. मोजत मी होतो, मोठ्यानं.

जेवताना त्याचा खांदा आतून ठणकायला लागला. मी म्हटलं, टाकी उचलून भरला असेल. सकाळी मांड्यांना मुंग्या आल्या. मी म्हटलं, वाळूत बैठका जड जातात. माझ्याकडं प्रत्येक दुखण्याला कारण तयार होतं. सरांना फोन करावा का, असं तो एकदा म्हणाला, आणि एवढ्या-तेवढ्यासाठी काय फोन करतोस म्हणून मी तेल गरम करून आणलं. तालमीत दुखऱ्या अंगाला एकच औषध असतं. अर्धा तास मी त्याला रगडला. तो दात आवळून पडून होता, आणि त्याला बरं वाटतंय असं मी समजत होतो.

दुपारनंतर घाट चढताना डावा पाय झोपला म्हणाला. घाटमाथ्यावर लघवीला उतरला आणि बराच वेळ झाडाआड उभा राहून तसाच परत आला.

"दादा, हुईना झालंय," एवढंच म्हणाला. गाडीत बसताना त्यानं डावा पाय दोन्ही हातांनी उचलून आत ठेवला. मग मी वाटेत कुठंच थांबलो नाही.

कोल्हापुरात आलो आणि सरळ दवाखाना गाठला. पहिल्या डॉक्टरांना मी सांगितलं की व्यायामाचा गडी आहे, कुठंतरी शीर धरली असेल. त्यांनी मणका बघितला, फोटो काढले. पाण्याचं मी बोललोच नाही. लपवायचं नव्हतं, माझ्या डोक्यात तो संबंधच नव्हता. दिवस मावळताना दुसऱ्या एक डॉक्टरीणबाई आल्या. गेल्या दोन दिवसांत कुठं गेला होता, काय केलं, सगळं विचारत गेल्या आणि समुद्राचं नाव निघताच उभ्या राहिल्या. सोड्याची बाटली हळू उघडली तर काही होत नाही, त्या म्हणाल्या, पण हलवून उघडली तर फेस बाहेर येतो. तसं झालंय.

"वर आल्यावर काही जड काम केलंत?" त्यांनी त्याला विचारलं.

भावानं माझ्याकडं बघितलं. "न्हाय," म्हणाला.

मी गप्प बसलो. बाईंनी पुढं विचारलं असतं तरी बसलो असतो, असं आज वाटतं.

माणसाला एका मोठ्या बंद टाकीत ठेवून दाबाखाली प्राणवायू द्यायचा, हा त्यावरचा उपाय. ती सोय दुसऱ्या शहरात होती. तिथं पोचेपर्यंत वेळ फार गेला होता आणि उजवा पायही लुळा पडला होता. काल रात्री खांदा दुखला तेव्हाच आला असता तर, असं तिथले डॉक्टर म्हणाले आणि वाक्य अर्धं सोडलं. पुढचे कितीतरी दिवस तो त्या टाकीत जात-येत राहिला. लघवीचा त्रास गेला, उजवा पाय आला. डावा आला नाही. आता काठी घेऊन चालतो. उकिडवं बसता येत नाही. पथकवाले घरी येऊन चहा पिऊन गेले. पथकाचा विषय त्यांनी काढला नाही, त्यानंही काढला नाही.

दोन वर्षं झाली. मी स्वतःची समजूत घालायला एक आधार धरून होतो. टाकीच्या दवाखान्यातून निघताना तिथल्या डॉक्टरांनीच सांगितलं होतं की हे नक्की कशामुळं झालं ते छातीठोक सांगता येत नाही. सगळं नियमानं केलेल्यालाही कधी कधी होतं. आई नशिबाला बोल लावते. मी मान डोलावतो. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. मला तर शब्द दोनदा सांगितला होता, एकदा सरांनी, एकदा भावानं.

यंदा पंचगंगेला पाणी चढलं तेव्हा तो म्हणाला, चल, बघून येऊ. आम्ही काठावर गर्दीपासून जरा लांब, एका कट्ट्यावर बसलो. पथकाची नाव पलीकडच्या वस्तीकडं निघाली होती. तिच्यावरची नजर तो काढत नव्हता. त्याचा चेहरा बघून माझ्यानं राहवलं नाही. मी विचारलं, खरं सांग, त्या बैठकांनी झालं का हे?

"डॉक्टरास्नी ठावं न्हाय, मला कुठनं असणार?" तो म्हणाला. मला हलकं वाटलं. लाज वाटावी इतकं हलकं वाटलं.

मग नाव दिसेनाशी झाल्यावर तो परत बोलला. आवाजात राग नव्हता.

"पर दादा, मला तवाच भ्या वाटलं हुतं. सर काय म्हणालेत समदं ध्यानात हुतं माझ्या. पाण्यात कवा भ्यालो न्हाय मी. तुला न्हाय म्हणायचंच भ्या वाटलं."

 आयुष्यभर मी चार लोकांत अभिमानानं सांगत आलो होतो की माझा भाऊ माझा शब्द खाली पडू देत नाही.