इल्काची बाहुली आणि लोथारचा घोडा

लोथार त्साइडलरच्या मनात आदर होता तो एकाच माणसाबद्दल, आणि तो माणूस रोज सकाळी त्याच्याच आरशात दाढी करत असे.

जर्मनीतल्या फ्यूर्थ गावी खेळणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत त्याने उभी हयात काढली. आलेलं खेळणं टेबलावर घ्यायचं, रंग खरवडायचा, उरलेल्याचे बारीक तुकडे करायचे, पोटातल्या आम्लासारख्या पाण्यात टाकून अंगाच्या उबेला हलवत ठेवायचे, आणि त्या पाण्यात शिसं उतरलं की आणखी काही, ते यंत्रावर बघायचं. काम चांगलंच आहे. लेकरं हातात येईल ते तोंडात घालतात, तेव्हा कुणीतरी हे करायलाच हवं. पण चांगलं काम करणारा माणूस चांगला असतोच, असं थोडंच आहे! लोथारला खेळणी आवडत नसत, ती बनवणारे आवडत नसत, आणि विकत घेणारे आईबाप तर त्याच्या लेखी शुद्ध गाढवं होती. दुपारी ब्रेडमधलं सॉसेज चावत तो शेजारच्या टेबलावरच्या केर्स्टिनला ऐकवायचा, "स्वस्त दिसलं की सुटले धावत! यांना पोरापेक्षा सवलत प्यारी." केर्स्टिन मान डोलवायची. वाद घातला तर जेवणाची सुट्टी वाया जायची.

या गाढवांत सगळ्यात वरचा नंबर होता त्याच्या विहिणीचा. हालिनाबाई पोलंडच्या. लेकाकडे, म्हणजे लोथारच्या जावयाकडे, डिसेंबरात राहायला आल्या की बाजारभर हिंडायच्या आणि नातीसाठी काहीतरी उचलून आणायच्या. त्या वर्षी, डिसेंबरच्या सुरुवातीला पोरांच्या बुटात खाऊ ठेवणाऱ्या संत निकोलाउसच्या सणाच्या सकाळी, चार वर्षांच्या इल्काने दाराबाहेर ठेवलेल्या बुटात हात घातला, तर अक्रोड निघाले, संत्री निघाली, आणि तळाशी मऊ रबरी तोंडाची एक बाहुली निघाली. पोरीने तिचं नाव तिथेच ठेवलं, पिप्पा. संत्र्याची एक फोड स्वतः खाल्ली, एक पिप्पाच्या तोंडावर चोळली.

लोथार कामावर जाता जाता डोकावला होता. त्याने बाहुली काढून घेतली आणि नाकाला लावली.

"हा वास! झोपेतही ओळखेन मी. विहीणबाई, स्वस्तातल्या ढिगातून उचललीत ना?"

"ढिगातूनच उचलली हो," हालिनाबाई म्हणाल्या. "पण सगळ्यांत हसरी बघून."

"बाबा, आजचा दिवस राहू द्या की," त्याची मुलगी सिल्के म्हणाली.

"राहू द्या म्हणे! पोरीच्या पोटात काय जाणार ते कोण बघणार, तू?" मग तो इल्काकडे वळला. "आजोबा तपासून आणतात हं. लगेच परत."

पोरीने विश्वास ठेवला. आजोबांवर नाही ठेवायचा तर कुणावर?

आता या लोकांच्या कामाची एक गंमत आहे. प्रयोगशाळेत खेळणं कधी एकटं येत नाही. कारखानदार एकाच खेळण्याचे पाच-सहा नग पाठवतो. एक कापला तरी बाकीचे कपाटात असतात. इतकी वर्षं हेच केल्यावर लोथारला जगात एखादी वस्तू एकच असू शकते, हे ठाऊकच राहिलं नव्हतं. त्याने पिप्पाला नंबर दिला, सुरी घेतली आणि मान कापली. गालांचे तुकडे बाटलीत पडल्यावर केर्स्टिनने विचारलं, "दुसरा नग कुठे ठेवलास?"

"कसला दुसरा?" म्हणत तो तिच्यावरच खेकसला. लाज वाटली असेल म्हणाल, तर नाव नको. केर्स्टिनला भलत्या चौकशा लागतात, एवढंच त्याला वाटलं.

बाहुली निर्दोष निघाली. तो जरा हिरमुसलाच. रविवारी कॉफीच्या वेळी उरलेले तुकडे प्लास्टिकच्या पिशवीत घालून तो मुलीकडे गेला.

"अभिनंदन विहीणबाई! तुमची बाहुली पास झाली."

इल्काने पिशवी उजेडात धरली. आत एक डोळा होता. पिशवी टेबलावर ठेवून ती पलंगाखाली गेली आणि लोथार जाईपर्यंत बाहेर आली नाही.

दारात सिल्के म्हणाली, "बाबा, नाताळला येऊ नका. ती तुम्हाला घाबरते. आधी तिचं मन वळवा, मग या."

बायको गेल्यापासून लोथारचा नाताळ म्हणजे सिल्केचं जेवणाचं टेबल. दुसरं दार त्याने स्वतःसाठी उघडं ठेवलंच नव्हतं. म्हणून त्याने माळ्यावरून आपला लाकडी घोडा काढला. वडिलांनी स्वतः कोरून लालभडक रंगवलेला, आणि कानावर लोथारच्याच दुधाच्या दातांच्या खुणा. दुसऱ्या दिवशी तो घेऊन हजर.

"हे खरं खेळणं! प्लास्टिकचा लवलेश नाही."

इल्का पुढे झाली, पण हात पाठीमागेच. हालिनाबाईंनी साधंच विचारलं, "तपासलात का व्याहीबुवा?"

"हा? माझ्या वडिलांच्या हातचा आहे हा!"

"हात चांगलेच असतील. रंग कसला?"

त्या काळचा तो डब्यातला चकचकीत लाल रंग. त्यात काय असायचं ते लोथारइतकं कुणाला माहीत असणार? एवढी वर्षं लोकांना गाढव म्हणणारा हा शहाणा नातीच्या हाती शिसं द्यायला निघाला होता.

"तपासून आणा," सिल्के म्हणाली. "पास झाला तर घोड्यासकट या."

घोडा प्रयोगशाळेत गेला, त्याला नंबर मिळाला. लोथार रोज तो टेबलावर घ्यायचा, सुरी उचलायचा, वडिलांचा ब्रश जिथे थरथरला होता ती मानेवरची रेघ बघायचा आणि घोडा परत कपाटात ठेवायचा. पोटाखालचा चिमूटभर रंग खरवडायचा होता फक्त. तेवढंही होईना.

नाताळच्या संध्याकाळी त्याने सिल्केला फोन लावला. उचलला इल्काने.

"आजोबा, घोडा कापला?"

"नाही गं राणी."

"का नाही?"

"अगं... एकच आहे ना तो."

पलीकडे ताटल्यांचा आवाज येत होता.

"पिप्पा पण एकच होती," इल्का म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.