डब्ब्याचा आवाज

माझ्या मायचा लाडका नट म्हणजे एक पत्र्याचा डब्बा. थट्टा करत नाहीये. अंतराळयानाची एक परदेशी मालिका आहे, वर्षानुवर्षं संपता संपत नाही अशी. तिचे सिनेमेही निघतात. टीव्हीवर ती मराठीतून दाखवतात. तिच्यात उंचापुरा कप्तान आहे, निळ्या कातडीची राणी आहे, दर भागात मरणारा आणि पुढच्या भागात परत येणारा खलनायक आहे. आणि एक यंत्रमानव आहे. बुटका, चौकोनी, तेलाच्या डब्ब्याला हातपाय फुटावेत तसा. यानातली हवा तपासायची एवढंच त्याचं काम. लढाई चालू असो, ग्रह फुटत असो, हा दुडूदुडू येणार, भिंतीवरचा काटा बघणार आणि म्हणणार, "हवा पुरेशी आहे. काळजी नसावी." झालं. गेला. त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही, कप्तान तर त्याला एकदा लाथ मारून पुढे गेला होता. त्या दिवशी मायने कप्तानाला दिलेल्या शिव्या मी इथे लिहू शकत नाही.

त्या डब्ब्याचा मराठी आवाज माझ्या धाकट्या भावाचा. घरात त्याला सगळे भाऊच म्हणतात.

आता आमच्या घरातलं महाभारत थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आबा अमळनेरात तेलाच्या कारखान्यात फिटर होते. भावाला त्यांनी शब्द टाकून धुळ्यात एका कंपनीत कायमची नोकरी लावून दिली. याने ती दोन वर्षांत सोडली. का, तर मुंबईत जाऊन आवाज द्यायचे. "आवाज देतात म्हणजे काय करतात?" आबांनी विचारलं. भाऊने समजावून सांगितलं. ते ऐकून आबा म्हणाले, माणसाने कोणाचा तरी आवाज होऊन पोट भरायचं, त्यापेक्षा या घरात पाऊल टाकू नको. रागातलं बोलणं हो! बाप बोलतो, पोरगं दोन दिवस फुगतं, मग जेवायला येऊन बसतं. पण आमचा भाऊ आबांच्याच वळणाचा. गेला तो गेला. घरी फोन नाही, पत्र नाही. राखीला, दिवाळीला आणि अधूनमधूनही मला तेवढा फोन करायचा. "अक्का, माय कशी शे?" मी म्हणायची, "येऊन बघ." की फोन बंद.

मी धुळ्यात राहते, ब्लाऊज शिवते. माझं दुकान बऱ्यापैकी चालतं. लग्न केलं नाही, आणि ते का केलं नाही हे विचारणाऱ्या बायकांचे ब्लाऊज मी मुद्दाम उशिरा देते. डब्ब्याचा आवाज आपल्या भाऊचा आहे हे मीच मायला सांगितलं, आणि माझ्याच डोक्याला ताप करून घेतला. तेव्हापासून मालिकेच्या दिवशी तिचा फोन ठरलेला. "आज त्याना घसा बसेल व्हता." "आज पोटभर जेवेल दिसस." एका मिनिटाच्या डब्ब्यातून ती त्याची सगळी तब्येत काढायची. आणि काळजी नसावी, हे तर तो तिलाच सांगतो याबद्दल तिच्या मनात शंकाच नव्हती. आबा मालिका बघत नसत. फक्त ती लागायच्या वेळेला उठून तो घरघरणारा कूलर बंद करायचे. मे महिन्यात! घामाच्या धारा लागल्या तरी कूलर बंद. विचारलं तर म्हणायचे, बिल येतं.

मालिकेचा सिनेमा जळगावला लागला तेव्हा मी मायला घेऊन गेले. आबाही निघाले. का, तर त्यांना जळगावला दात दाखवायचा होता. बसमधून उतरल्यावर म्हणे डॉक्टर दुपारी बसतात, तोवर कुठे उन्हात फिरू, येतो तुमच्याबरोबर. थिएटर कॉलेजच्या पोरांनी भरलेलं. कप्तान आला की शिट्ट्या. आणि डब्बा पडद्यावर येताच माय उभी राहून ओरडली, "उना! उना!" आला म्हणे! पुढच्या रांगेतली पोरं वळून बघायला लागली. मी तिचा पदर ओढून तिला खाली बसवलं. आबा सरळ समोर बघत होते. परत येताना पारोळ्याजवळ मी विचारलं, "आबा, दात?" म्हणाले, "दुखायचा थांबला तो." इतकंच.

तर हे असं चाललं होतं. मग या वर्षी आषाढात मालिकेचं नवं पर्व सुरू झालं, आणि पहिल्याच दिवशी मायचा फोन आला.

"हाऊ मना पोऱ्या नही."

हा तिचा पोरगा नाही? मी पुन्हा लावून ऐकलं. तोच आवाज. तेच नाकातलं बोलणं, तेच शब्द. मी म्हटलं, माय, तोच आहे. ती म्हणाली, "भाऊ बोलाना आधी दम लेस. हाऊ लेस नही." आता काय बोलायचं? अगं, तो यंत्रमानव आहे, यंत्र कशाला दम घेईल! पण तिने एकदा धरलं की सुटत नाही. लहानपणी भाऊला दम्याचा त्रास होता, बोलायच्या आधी तो जरासा थांबायचा, हे मलाही आठवत होतं. पण टीव्हीवर ते कोणाला ऐकू येतं?

"तो मला मेसेज करतो ना," मी म्हटलं. "परवाच केला. बरा आहे म्हणाला."

"लिखस कोन्हीबी. त्याले बोलाले सांग."

मी तणतणतच फोन लावला. त्याने कापला. लगेच मेसेज आला: कामात आहे. संध्याकाळी लावला, कापला. दुसऱ्या दिवशीही तेच. मग माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. मी बसून त्याचे जुने मेसेज वर वर सरकवत गेले. दिवाळीनंतर तो माझ्याशी एकदाही बोललेला नव्हता. सगळं लिहून. आणि मी, शहाणी, त्यावर अंगठे पाठवत बसले होते.

त्यानंतरचे दिवस काही विचारू नका. हात मशिनीवर आणि डोळे फोनवर. एका बाईच्या ब्लाऊजला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. ती भांडायला आली तर मी तिच्यावरच ओरडले. जेवायला बसले की वाटायचं, फोन वाजला. उठायचं, बघायचं, काही नाही. मुंबईला जावं तर पत्ता कुठे? एका ओळखीच्या मुलाकडून आवाज भरतात त्या जागेचा नंबर मिळवला. तिथली पोरगी गोड आवाजात म्हणाली, ते आता आमच्याकडे काम करत नाहीत, त्यांच्यासारखा आवाज काढणारे दुसरे सर आलेत. का करत नाहीत? ते आम्ही सांगू शकत नाही मॅडम. म्हणजे माय खरं बोलत होती. मग मेसेज कोण करतंय?

हे मी मायला सांगितलं नाही. पण तिला सांगायची गरजच नव्हती. ती जेवताना ताट बाजूला सारायला लागली, आणि आबा तर कोणाशीच बोलेनासे झाले. श्रावण लागला. आमच्याकडे नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते. आदल्या दिवशी रोटांचे गहू मोजतात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. ते दळायचं, त्याचे जाड रोट थापायचे, आणि ते घरच्यांनीच खायचे, बाहेरच्याला त्यातला घास द्यायचा नाही. भाऊ गेल्यापासून त्याच्या नावाची मूठ माय दर वर्षी टाकत आलेली. आणि त्याच्या वाटचा रोट आबा खात आलेले, आमच्याकडे न बघता.

या वर्षी मी मधे एकदा घरी गेले तेव्हा माय म्हणाली, "जित्ता माणूसना नावनी मूठ टाकतस. माले त्याना आवाज आयकू दे, मंग टाकसू."

"आणि नाही ऐकलास तर?"

ती रिकामं सूप झटकायला लागली. मूठ टाकली नाही म्हणजे काय, हे आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. तो घरात मोजला गेला नाही. म्हणजे तो नाही.

मी बाहेर येऊन त्याला लिहिलं. शिव्या घालून लिहिलं, कारण रडत लिहायची मला सवय नाही. मेल्या, तू कोण आहेस ते मला माहीत नाही, पण माझा भाऊ असशील तर ऐक. माय तुझ्या नावाची मूठ टाकणार नाही. तुझा आवाज ऐकल्याशिवाय नाही. शनिवारी गहू मोजायचे आहेत. काय ते बघ.

मेसेज वाचल्याची खूण उमटली. उत्तर नाही. शुक्रवारी मी दुकानाला कुलूप लावून पुन्हा अमळनेरला आले. बसमध्ये खिडकीशी बसून फोन हातात धरला होता, तो उतरेपर्यंत सोडला नाही. घरी आल्यावर माय माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी नाही म्हणून मान हलवली. ती गहू निवडायला बसली.

शनिवारी सकाळी मायने गव्हाचं सूप समोर घेतलं. आबांच्या नावाची मूठ टाकली. आबांच्या भावाच्या, म्हणजे काकांच्या नावाची टाकली. मग हात तसाच गव्हावर ठेवून बसली. आबा खुर्चीत होते. माझं तर डोकं उठलं, बसवेना, मी दाराबाहेरच्या ओट्यावर गेले. आणि समोरून तो येताना दिसला.

वाळला होता. खांद्याला एक बॅग, गळ्याभोवती रुमाल, एवढ्या उकाड्यात. मी पायऱ्या उतरून धावले आणि त्याच्या पाठीत धपाटा घातला. "बोलायला काय झालं होतं तुला?" त्याने माझा हात धरला आणि फोन माझ्यासमोर धरला. आधीच लिहून आणलेलं होतं. अक्का, घशात गाठ होती. आवाजाची पेटीच काढावी लागली. आता बरा आहे. तुला कसं सांगू कळत नव्हतं. मायला सांगू नको, मीच बघतो.

काय बघणार होता तो, कोण जाणे. मी त्या रुमालाकडे बघितलं. श्वास घेतला की तो हलत होता. मला ओक्साबोक्शी रडू आलं आणि त्याचाच राग आला. रस्त्यावर उभं राहून रडायची ही काय पद्धत!

तो ओटा चढला आणि दारात थांबला. आत आला नाही. मायने वर पाहिलं. सूप बाजूला सारून ती उठली, पण तीही दारापर्यंत आली आणि थांबली. तिची नजर त्याच्या तोंडावर, मग गळ्यावर.

"बोल भाऊ," माय म्हणाली. "आयकस मी."

त्याने तोंड उघडलं. ओठ हलले. रुमालाखालून नुसती हवा आली, फुस्स अशी. त्याचे डोळे भरून आले आणि त्याने मान खाली घातली. मायने हात पुढे केला, त्याच्या रुमालावर अलगद ठेवला. मला वाटलं, ही आता कोसळते. मी पुढे झाले.

मागून आबांचा आवाज आला. इतक्या वर्षांत त्याच्याबद्दल निघालेला पहिला शब्द. "काय म्हणस तो?"

माय वळली नाही. हात तसाच ठेवून मोठ्याने म्हणाली, "तुमले इचारस. घरमा येऊ का म्हणे."

खुर्ची वाजली. आबा उठताना अडखळले. "हाई काय इचारानी गोट शे?" म्हणत ते पुढे झाले. त्यांनी दारात येऊन त्याच्या खांद्यावरची बॅग ओढून घेतली, दुसऱ्या हाताने त्याचं मनगट धरलं आणि त्याला आत घेतलं. मग बॅग कुठे ठेवायची ते न सुचून ती पोटाशी धरून तसेच उभे राहिले. माय सुपाशी जाऊन बसली आणि तिने गव्हात हात घातला.

भाऊने काय विचारलं, हे आबा आजही पाहुण्यांना सांगतात. मी तिथेच होते, त्याच्या ओठांकडेच बघत होते. तो फक्त "माय" म्हणाला होता.