उम्काचा कंगवा

रशियाच्या उत्तरेतल्या पिनेगा नदीवरचा बर्फ वितळला की पांढऱ्या उम्का कुत्रीचे केस झडायला लागत. वरचे लांब केस तसेच राहत आणि आतली मऊ लोकर पुंजक्यापुंजक्यांनी निघे. अंगणात जणू ढगच उतरत. झीना मावशी त्या लोकरीचे स्वतःसाठी मोजे विणायची. सांधेदुखीवर दुसरं औषध ती मानतच नसे.

यंदा जुना कंगवा मोडला, म्हणून शेजारच्या लीदानं शहरातून तीन नवे आणले. मावशीनं आपली पांढरी वेणी सोडली आणि ती एकेक कंगवा स्वतःच्याच केसांतून फिरवू लागली.

"अहो मावशी, ते कुत्रीसाठी आहेत!"

"माहितीये. मला बोचेल ते तिलाही बोचणारच."

पहिल्याला पातं होतं. हातात तुटके केस आले. "विंचरायचंय की भादरायचंय? तुटक्या केसांचं सूत निघतं होय?" दुसऱ्याच्या बारीक तारांनी टाळू ओरबाडली. तिसऱ्याचे दात लांब होते, टोकं गोल. तो फिरला तसे मावशीचे डोळे मिटले, आणि उन्हात पडलेल्या उम्कानंही सुखाचा सुस्कारा सोडला.

मग तोच कंगवा उम्काच्या पाठीवरून फिरत राहिला. मांडीवर पांढरा ढीग वाढत गेला.

"मावशी, तुमचेही केस त्यात गेलेत. वेगळे काढू?"

मावशीनं ढीग उन्हात धरला. कुठले कुणाचे, तिलाही सांगता येईना.

"राहू दे. उम्का नि मी, दोघींतली आधी कोण जाईल, कोणास ठाऊक. लीदा, पाय पुढे कर बघू, यंदाचे मोजे तुझ्या मापाचे विणते."