कुडपणच्या वहिनी आणि आमचा आफ्रिकेचा मजूर

वरंधा घाटाने महाडला उतरणार असाल तर मोटारीत पुढची जागा धरा, पण ड्रायव्हरशी बोलू नका. मी बोललो, तर तो दर वळणाला मान मागे वळवून उत्तरे देऊ लागला. आमची नाटक मंडळी पडदे, चाबूक आणि आफ्रिकेच्या राजाचा मुकुट घेऊन निघाली होती. दिवस वाईट आहेत, परक्या माणसापुढे तोंड उघडू नका, असे मालकांनी निघतानाच बजावले होते. मला ते नव्याने सांगायला नको. माझा खानावळीच्या दुधावरसुद्धा विश्वास नसतो.

नाटकात गोरे लोक राजाचा अंगठा घेऊन त्याचा मुलूख घशात घालतात आणि रूळ टाकायला मुंबईहून मजूर नेतात. शेवटी साहेबाच्या चाबकाखाली एक मजूर रुळावरच प्राण सोडतो. साहेब मी.

महाडला तांदळाची भाकरी आणि सुकट झकास मिळते, दूध चाखून घ्या. तिथल्या दोन्ही प्रयोगांना काळ्या कोटातला एक प्रौढ माणूस पुढेच बसला. राजा रडला तरी याची नजर माझ्यावर. दुसऱ्या प्रयोगानंतर तो थेट रंगपटात आला.

"पोलादपुरातबी मजुराला असाच मारनार ना?"

मालकांचा चेहरा उतरला. हा सी.आय.डी.च, गोऱ्याला खुनी दाखवतो म्हणून नाटक बंद पाडणार, असे ते म्हणाले आणि मलाही शंका उरली नाही, कारण कोटाचे कापड फार चांगले होते. पोलादपूरच्या वाटेवर बैलगाडीतच ठरले की मजुराचे मरण गाळायचे. साहेब चाबूक उगारेल आणि पडदा पडेल.

पोलादपुरात तो आलाच. एका वयस्क बाईला त्याने बायकांत बसवले. मी चाबूक उगारला, पडदा पडला, आणि आम्ही निर्धास्त जेवलो.

सकाळी महाबळेश्वरच्या मोटारीत सामान चढवत होतो, तेव्हा तो पुन्हा आला. कुडपणचा धोंडू, मुंबईच्या गोदीत कामाला. त्याचा थोरला भाऊ आफ्रिकेत रूळ टाकायला गेला आणि तिथेच वारला, असे सोबत्यांनी परत येऊन सांगितले होते. वहिनींना ते पटत नाही. दर सणाला त्या नवऱ्याचे ताट वाढतात.

"डोळ्यांनी बघंल तर मानंल, म्हनून डोंगर उतरवून आनली," तो म्हणाला. "आन तुमी त्याला जिता ठेवलात. आता तुमीच सांगा तिला."

वहिनी झाडाखाली उभ्या होत्या, कपाळावर ठसठशीत कुंकू. मी सांगायलाच गेलो होतो.

"तू त्याला मारलंस नाय," त्या म्हणाल्या. "लय बरं केलंस, बाबा."

मी मान डोलावली. त्यांनी फडक्यात बांधलेली भाकरी माझ्या हातात दिली. धोंडू माझ्याकडे बघत राहिला. मोटार सुटली.

आंबेनळीच्या चढाला इंजिन तापते, पाण्याचा डबा जवळ ठेवा. गाडी थांबली तिथे मी ती भाकरी खाल्ली, वासही न घेता.

घरी पोचल्यावर लोक घाट कसा होता ते विचारतात. घाट सुरेख आहे, जरूर जा. मला मात्र धोंडूसाठी फार वाईट वाटते. पुण्याच्या प्रयोगात आता मजूर पुन्हा मरतो, टाळ्याही पडतात. काल दसरा होता. कुडपणला ताट वाढले असेल.